एका अंशाची किंमत

घरच्या अंगणातील तरणतलाव हे बहुतेक कुटुंबांत उन्हाळ्याचे सुख असते. नाशिकसारख्या गावी मात्र दिवाळी सरली की त्या सुखाला ओहोटी लागते. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरते, हवा कोरडी होते, आणि निळेशार दिसणारे पाणी हात बुडवताच अंगावर काटा आणते. तलाव भरलेला असतो, गाळणयंत्र रोज चालते, क्लोरीनही वेळच्या वेळी पडते. परंतु पाण्यात उतरणारे कोणी नसते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर देखभालीचा खर्च चालू आणि उपभोग शून्य, अशी ती मालमत्ता होऊन बसते. मग साहजिकच घरात विषय निघतो : पाणी गरम करण्याची काही सोय करावी काय?

अशा एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. घरात आजी-आजोबा, दोन मुले, दोन सुना व तीन नातवंडे. तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर पस्तीस सेंटिमीटर खोल. आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन काही महिने लोटले आहेत. जखम पूर्ण भरली असून, कोमट पाण्यात उभे राहून व्यायाम केल्यास सांध्याला बरे वाटेल, असे डॉक्टरांनी सुचविले आहे. थोरल्या चिरंजीवांनी तत्परतेने चार दरपत्रके मागविली. रात्री जेवणे उरकल्यावर ती टेबलावर मांडली गेली आणि सर्वांत महागड्या कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "हेच घेऊ. आईच्या बाबतीत पैशाकडे पाहायचे नसते."

आजी संकोचून म्हणाल्या, "अरे, माझ्या एका गुडघ्यासाठी केवढा हा खर्च!"

आजोबा काही बोलले नाहीत. धाकटी सून कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिने नम्रपणे एवढेच विचारले, "दादा, या चारही कागदांवर यंत्राची किंमत आहे. पण आपला तलाव एक अंशाने गरम करायला किती खर्च येईल, हे कुठे लिहिले आहे का?"

ते कुठेच लिहिलेले नव्हते, आणि खरा हिशेब तर तेथूनच सुरू होतो.

एक हजार लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे १.१६ युनिट उष्णता लागते. येथे युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचेच युनिट, अर्थात एक किलोवॉट-तास. या कुटुंबाच्या तलावात लांबी, रुंदी व खोली यांच्या गुणाकाराने ४३,२०० लिटर पाणी भरते. म्हणजे त्यातील एका अंशाची किंमत झाली सुमारे ५० युनिट. हा एक आकडा हाती आला की पुढचे सारे हिशेब सोपे होतात. हिवाळ्यात तलावाचे पाणी २० अंशांवर असेल आणि पोहण्यासाठी ते २८ अंशांवर हवे असेल, तर आठ अंशांसाठी ४०० युनिट उष्णता लागेल. हा झाला एकदाचा खर्च. त्याला भांडवली खर्चासारखे मानावे.

परंतु तापविलेले पाणी तापलेले राहत नाही. त्यातील उष्णता रात्रंदिवस बाहेर पडत असते, आणि तिचा मोठा भाग बाष्पीभवनाच्या वाटेने जातो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मार्गदर्शनानुसार उघड्यावरील तलावाच्या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के उष्णता अशी वाफेवाटे जाते. कारण सरळ आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना इतकी उष्णता घेऊन जाते, की तेवढ्या उष्णतेने सुमारे ५८० लिटर पाणी एक अंशाने तापले असते. बत्तीस चौरस मीटरच्या या तलावाची पातळी दिवसात केवळ पाच मिलिमीटर उतरली, तरी १६० लिटर पाणी उडाले आणि त्याबरोबर सुमारे १०८ युनिट उष्णता गेली. तलाव दोन अंशांनी थंड झाला, असे समजावे. दिवसा ऊन त्यातील काही भाग परत देते. तरी कोरडी हवा आणि वारा यांच्यापुढे ते पुरेसे पडत नाही.

म्हणून तलाव गरम करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने पहिली खरेदी यंत्राची न करता आच्छादनाची करावी. पाण्यावर तरंगणारे, बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे कव्हर बाष्पीभवन रोखते. त्याच ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार कव्हर वापरल्याने गरम करण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतो, आणि वरून घालावे लागणारे पाणीही वाचते. वाऱ्याच्या दिशेला मेंदीचे कुंपण किंवा जाळीची भिंत असल्यास तिचाही उपयोग होतो.

आता त्या चार दरपत्रकांकडे वळता येईल. पहिला पर्याय विजेच्या हीटरचा. तो घरच्या गीझरचाच थोरला भाऊ. एक युनिट वीज घेतो आणि एक युनिट उष्णता देतो. यंत्र स्वस्त, बसविणे सोपे. परंतु महिन्याचा वापर वाढेल तसे महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात, आणि हा हीटर घराला सर्वांत वरच्या टप्प्यात नेऊन बसवितो. शिवाय चारशे युनिट उष्णता दोन दिवसांत द्यायची म्हटली, तरी आठ किलोवॉटहून अधिक क्षमता लागते. त्यासाठी थ्री-फेज जोडणी आणि मंजूर भार वाढवून घेणे आले.

दुसरा पर्याय गॅसचा. त्याचे बळ वेगात आहे. सकाळी ठरविले तर संध्याकाळपर्यंत पाणी तापू शकते. ज्या बंगल्यावर मंडळी महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारीच येतात, तेथे तो शोभतो. एक किलो एलपीजीमधून सुमारे १२.७ युनिट उष्णता मिळते. यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास १९ किलोचे एक व्यावसायिक सिलिंडर तलावाला सुमारे २०५ युनिट देते. स्वयंपाकासाठी मिळालेले घरगुती सिलिंडर तलावाकडे वळविणे नियमांत बसत नाही, आणि सुरक्षितही नाही.

तिसरा पर्याय हीट पंपाचा. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते; हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो. तो उष्णता निर्माण करीत नाही, केवळ वाहून नेतो. म्हणूनच एक युनिट विजेत हवामानानुसार तीन ते सात युनिट उष्णता मिळू शकते. हवा जितकी उबदार, तितका लाभ अधिक. नाशिकच्या पहाटे तो चालविण्यापेक्षा दुपारी चालविणे शहाणपणाचे. क्लोरीनयुक्त पाण्यासाठी त्यातील उष्णता-विनिमयक टायटॅनियमचा आहे ना, हे लेखी घ्यावे.

चौथा पर्याय सूर्याचा. तलावासाठी काचेचे महागडे संग्राहक लागतातच असे नाही. पाणी अवघे अठ्ठावीस अंशांपर्यंत न्यायचे असल्याने काळ्या प्लास्टिकचे वा रबराचे, बिनकाचेचे पॅनेलही पुरतात. त्यांचे क्षेत्रफळ साधारणपणे तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण बरोबरीपर्यंत ठेवतात. या तलावासाठी ते १६ ते ३२ चौरस मीटर होते. नाशिकचा हिवाळा कोरडा आणि निरभ्र असतो, ही येथे मोठी जमेची बाजू. पॅनेल दक्षिणाभिमुख आणि हिवाळ्यातील तिरप्या उन्हासाठी तीस-पस्तीस अंशांत कललेले असावेत. मर्यादाही लक्षात घ्यावी. ढगाळ दिवशी ते काम करीत नाहीत, आणि शेजारच्या इमारतीची सावली पडत असेल तर त्यांचा विचारच सोडावा.

धाकट्या सूनबाईंनी कागदावर हिशेब मांडला. हंगाम १०० दिवसांचा धरला. तापविलेला तलाव उघडा राहिल्यास दिवसाकाठी दोन अंश आणि झाकल्यास एक अंश उष्णता गमावतो, असे गृहीत धरले. म्हणजे सुरुवातीच्या ४०० युनिटांसह उघड्या तलावाला हंगामात १०,४०० आणि झाकलेल्याला ५,४०० युनिट उष्णता लागेल. विजेचा दर १२ रुपये, १९ किलोच्या सिलिंडरचा दर १,७०० रुपये आणि हीट पंपाचा लाभ चौपट धरला. कव्हरची किंमत २५,००० रुपये. वाचकांनी या ठिकाणी आपापल्या बिलावरचे आणि दरपत्रकांवरचे आकडे घालावेत. पद्धत तीच राहील.

झाकलेल्या तलावाचा हंगामी खर्च असा निघाला. विजेचा हीटर ६४,८०० रुपये. गॅस २७ सिलिंडर, म्हणजे ४५,९०० रुपये. हीट पंप १,३५० युनिट, म्हणजे १६,२०० रुपये. सौर पॅनेलला केवळ पंपाची वीज, ती सुमारे ४५० युनिट धरल्यास ५,४०० रुपये. यंत्रांच्या किमती अनुक्रमे ६०,०००, दीड लाख, साडेतीन लाख आणि अडीच लाख. दहा वर्षांची बेरीज केली तेव्हा विजेचा हीटर ७ लाख ८ हजारांवर, गॅस ६ लाख ९ हजारांवर, हीट पंप ५ लाख १२ हजारांवर आणि सौर ३ लाख ४ हजारांवर गेला. चौघांत स्वस्त दिसणारा पहिला कागद अखेरीस सर्वांत महाग ठरला.

थोरले चिरंजीव म्हणाले, "मग माझे हीट पंपाचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. विक्रेता तर सांगत होता की तीन वर्षांत पैसे वसूल होतात."

त्यावर इतका वेळ शांत असलेले आजोबा प्रथमच बोलले. "विक्रेता खोटे बोलला नसेल. पण त्याने तलाव उघडा धरला असेल."

हे वाक्य प्रत्येक खरेदीदाराने ध्यानी धरावे असे आहे. तलाव उघडा असेल तर विजेच्या हीटरचा हंगामी खर्च १,२४,८०० रुपये आणि हीट पंपाचा ३१,२०० रुपये. बचत ९३,६०० रुपये. किमतीतील दोन लाख नव्वद हजारांचा फरक तीन वर्षांच्या थोडा पुढे भरून निघतो. परंतु २५,००० रुपयांचे कव्हर घातले की तीच बचत ४८,६०० रुपयांवर येते आणि परतावा सहा वर्षांवर जातो. त्या दोन लाख नव्वद हजारांवर बँकेतील ठेवीत मिळू शकणारे ७ टक्के व्याज विचारात घेतले, तर तो आठ वर्षांवर जातो. उधळपट्टीच्या तुलनेत मोजलेली बचत नेहमीच मोठी दिसते. आधी उधळपट्टी थांबवावी, मग उरलेल्या खर्चावर यंत्राची परीक्षा करावी. कव्हरचे मात्र तसे नाही. विजेच्या हीटरबरोबर ते एका हंगामात ६०,००० रुपये वाचविते आणि हीट पंपाबरोबरही १५,०००; दुसऱ्या हंगामातच त्याचे पैसे वसूल होतात.

इथवर हिशेब सुटला, पण आजींचा प्रश्न सुटला नव्हता. पोहण्याच्या शर्यतींसाठी पाणी २५ ते २८ अंश ठेवण्याची रीत आहे. हालचाल करणाऱ्या शरीराला तेवढे पुरते. गुडघ्याचे संथ व्यायाम करणाऱ्या वृद्ध व्यक्तीला मात्र त्यात गारठा वाटतो. उपचाराच्या तलावांत पाणी साधारणतः ३३ ते ३५ अंशांपर्यंत ठेवले जाते. मोठा तलाव ३३ अंशांवर न्यायचा तर आणखी अडीचशे युनिट लागतीलच, शिवाय हिवाळ्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जवळपास दीडपट होईल. नातवंडांना पोहायलाही ते पाणी अति उबदार. म्हणजे साडेतीन लाख खर्चूनही ज्यांच्यासाठी खर्च केला, त्यांच्या पदरी अर्धवट सोय आणि घराच्या माथी दुप्पट बिल.

सूनबाईंनी दुसरा कागद घेतला. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक मीटर दहा सेंटिमीटर खोल असे छोटे कुंड तळमजल्यावर, पडवीच्या आडोशाला केले तर? त्यात पाणी मावेल ३,३०० लिटर. ते २० अंशांवरून ३३ अंशांवर नेण्यास लागतील सुमारे ५० युनिट. "आई," ती म्हणाली, "मोठा तलाव एका अंशाने गरम करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तुमचे कुंड तेरा अंशांनी गरम होते. वर झाकण ठेवले की रोजचा खर्चही मोजकाच राहील."

आजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग मला त्या एवढ्या मोठ्या तलावात एकटीला उतरायलाही नको," त्या म्हणाल्या. "खरे सांगू का, मला त्याची भीतीच वाटत होती."

हे त्यांनी आधी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. थोरले चिरंजीव काही क्षण गप्प राहिले. आईवरील माया सर्वांत मोठ्या दरपत्रकाने सिद्ध होते, असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला आणि आईला विचारले, "कुंडाला पायऱ्या कुठल्या बाजूने हव्यात?"

अशा कुंडाचेही काही नियम आहेत. भरल्यावर पाण्याचेच वजन तीन टनांहून अधिक होते. म्हणून ते गच्चीवर किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबवर अभियंत्याच्या सल्ल्याविना कदापि करू नये. दोन्ही बाजूंना पकडायला कठडा, घसरणार नाहीत अशा रुंद पायऱ्या, आणि व्यायामाच्या वेळी जवळ घरातील एक माणूस, ही त्रयी अनिवार्य समजावी. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास पाण्याचे तापमान व व्यायामाचा अवधी डॉक्टरांनाच ठरवू द्यावा. कोमट आणि थोड्या पाण्यात जंतू लवकर वाढतात. त्यामुळे गाळण, क्लोरीनची नियमित तपासणी आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखणे यांत हयगय चालत नाही. बोअरवेलचे पाणी जड असेल तर गरम पृष्ठभागावर क्षारांचा थर बसतो आणि नवे यंत्रही काही काळातच मंदावते.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. पाण्याजवळच्या प्रत्येक परिपथाला योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. तो काम करतो ना, हे त्यावरील चाचणीचे बटण दाबून ठरावीक काळाने पाहावे. तरंगणारे कव्हर हे सुरक्षेचे झाकण नव्हे. त्यावर पाय पडल्यास लहान मूल त्याखाली जाऊ शकते आणि वरून दिसतही नाही. पोहण्यापूर्वी कव्हर पूर्ण काढावे, अर्धे कधीही ठेवू नये, आणि तलावाभोवतीचे कुंपण व त्याचे आपोआप बंद होणारे दार यांची जागा कोणतेही कव्हर घेऊ शकत नाही.

कुटुंबाने अखेर ठरविले ते असे. पहिल्या वर्षी मोठ्या तलावाला केवळ कव्हर, आणि आजींसाठी कुंड. मुलांनी हिवाळ्यात भर दुपारी, उन्हाच्या वेळी पोहावे. रोज संध्याकाळी सहा आणि सकाळी सहा वाजता तलावाचे तापमान वहीत लिहिण्याचे काम मोठ्या नातीने घेतले. न तापविलेला तलाव तापविलेल्यापेक्षा कमी उष्णता गमावतो, म्हणून त्या नोंदीतील घट ही किमान समजायची, हेही तिला समजावून सांगितले गेले. एका हंगामाच्या नोंदी हाती आल्यावर, छतावर सावली पडत नाही याची खात्री करून सौर पॅनेलचा निर्णय घ्यायचा. पंचवीस चौरस मीटर पॅनेल, दर चौरस मीटरला दिवसाकाठी अडीच युनिट उष्णता धरली, तरी ६२ युनिट मिळतात आणि झाकलेल्या तलावाची रोजची ५० युनिटांची गरज भागते. छतावर सौर वीज घ्यायची असेल, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट व त्यावरील संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. तीन किलोवॉटचा संच दिवसाला सुमारे १२ युनिट वीज देतो. चौपट लाभाच्या हीट पंपाला झाकलेल्या तलावासाठी साधारण तेवढीच लागते. ज्यांच्या छतावर पाण्याच्या पॅनेलना पुरेशी जागा नाही, त्यांनी या जोडीचा जरूर विचार करावा.

चार दरपत्रकांतील एकही कागद त्या रात्री मंजूर झाला नाही. तरीही घरात कोणाला काही हुकल्यासारखे वाटले नाही. यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न शेवटचा असतो. त्याआधी पाणी किती, अंश किती, उष्णता जाते कोठून, आणि ही ऊब नेमकी कोणाला हवी आहे, एवढे चार प्रश्न घरातल्या घरात विचारावेत. शेवटचा प्रश्न ज्या व्यक्तीविषयी आहे, तिलाच तो आधी विचारावा. पुष्कळदा लाखांचा हिशेब तिच्या एका वाक्याने बदलतो.